काढून टाकलेली बेल

भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आलेला वायरमन दवाखान्यात पाय पसरून बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. कान तिकडे गेलाच.

"ताई, डॉक्टर म्हणतात, यांना औषध लागू पडलंय."

"मग गाठ का वाढतेय गं?"

"पेशीच्या अंगावर म्हणे बेलच्या बटणासारखं काहीतरी असतं. ते दाबलं की आत निरोप जातो आणि पेशी वाढते. औषधाने ते बटण बंद झालं, पण निरोप आता दुसऱ्याच वाटेने आत जातोय."

"बटण न दाबता?"

"न दाबता."

एखादी वायर राहिली असणार, असं वायरमनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पुढचं ऐक. यांना आवाज सोसेना, म्हणून घरची बेल मी काढून टाकली. वायरसकट. काल जेवताना हे म्हणाले, बेल वाजली."

"भास गं. औषधांनी होतं."

"मलाही ऐकू आली, ताई."

"अगं बाई! दारात कोण होतं?"

"कुणीच नाही. पण हे 'या, या' म्हणाले आणि वाट द्यायला बाजूला सरकले."

वायरमनने पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले.