एक्केचाळीस नंबर

न्हावी : अहो, थांबा! तिच्यावर कशाला रंग फासताय? ती पारंबी आहे.

मोजणीदार : सतरा नंबर. बाजूला व्हा, ओला रंग लागेल.

न्हावी : झाड एकच आहे हो! एक वड. त्याच्याच पारंब्या जमिनीत रुतून असे खांब झालेत.

मोजणीदार : घेर मनगटाहून जास्त आहे?

न्हावी : मांडीएवढा आहे.

मोजणीदार : जमिनीला टेकलंय?

न्हावी : टेकणारच की.

मोजणीदार : मग झाड. नियमच तसा आहे.

न्हावी : पण झाड खालून वर जातं. ही वरून खाली आलीय!

मोजणीदार : फॉर्ममध्ये कुठून आलं याचा रकाना नाही.

न्हावी : अहो, ही सतरा नंबरची मी स्वतः जमिनीवर उतरवलीय. कोवळी होती, येणारा-जाणारा ओढून तोडायचा. पोकळ बांबूत माती भरून तिला आत सोडली, चार वर्षं पाणी घातलं. आज माझा आरसा पेलते. आणि तुम्ही मला शिकवता, झाड कशाला म्हणतात ते?

मोजणीदार : तुम्ही केस कापा. अठरा...

न्हावी : झाडं मोजायला निदान झाडं ओळखणारा माणूस तरी पाठवायचा!

मोजणीदार : मी आधी चौकात गाड्या मोजायचो. बढती मिळाली.

(दीड तासाने. रस्त्याच्या कामावरचे इंजिनियर गाडीतून उतरतात.)

इंजिनियर : एक वड मोजायला सकाळ घालवलीत?

मोजणीदार : एक कुठला साहेब? एक्केचाळीस झाले.

इंजिनियर : डोकं फिरलंय का? एका झाडाची परवानगी मी इथेच सही करून देतो. परवा करवत लावायचीय. पंचवीसच्या वर गेलं की फाईल मोठ्या समितीकडे जाते!

मोजणीदार : जाते.

इंजिनियर : ती समिती शेवटची कधी बसली होती?

मोजणीदार : समितीच नाही साहेब. सात वर्षांपूर्वी तिची मुदत संपली. नवी नेमायची तर जुनीची शिफारस लागते.

न्हावी : करवत? परवा? कशाला?

इंजिनियर : रस्ता रुंद होतोय. तुम्ही कोण?

मोजणीदार : हे बत्तीस वर्षं या झाडांखाली खुर्ची मांडून दाढ्या करतात.

न्हावी : साहेब, वड गेला तर मी कुठे जाऊ?

इंजिनियर : नव्या बाजारात गाळा देतो तुम्हाला. पत्र्याचं छप्पर, वर पंखा.

न्हावी : बत्तीस वर्षांत पंख्याची आठवण झाली नाही मला.

इंजिनियर : ते राहू द्या. तुम्ही इथले जुने, साक्षीदार म्हणून तुमचीच सही घेऊ. यांना सांगा, झाड एक की एक्केचाळीस?

मोजणीदार : हे तर सकाळपासून एकच, एकच म्हणून माझ्याशी भांडताहेत.

इंजिनियर : बघा! शहाणा माणूस.

न्हावी : भांडलो खरा. पण साहेब, वर पोपटांच्या ढोल्या आहेत. फळं पिकली की वटवाघळं उतरतात. दुपारी निम्मा बाजार खाली आडवा होतो. एवढं सगळं एका झाडाला झेपेल का?

इंजिनियर : पाल्हाळ नको. आकडा सांगा.

न्हावी : एक्केचाळीस नाहीत.

इंजिनियर : ऐकलंत मोजणीदार?

न्हावी : त्रेचाळीस आहेत. भिंतीपलीकडची दोन यांच्या नजरेतून सुटली.

मोजणीदार : अरेच्चा! रंग उरलाय तेवढा.

इंजिनियर : अहो, मान वर करून बघा जरा! सगळ्यांच्या फांद्या एकमेकांना जोडलेल्या आहेत. दिसत नाही तुम्हाला?

न्हावी : शेजारी आहेत साहेब. इतकी वर्षं जवळजवळ उभं राहिल्यावर तेवढं होतंच.