सत्तर सीटांची अट

(नारायणगाव. जीप स्टँडमागच्या घराचा ओटा, सकाळचे आठ. भगवंत आणि पहाटेच पुण्याहून आलेली त्यांची वैमानिक मुलगी अश्विनी.)

अश्विनी : चहा राहू द्या. आधी चौकातला तो फ्लेक्स उतरवा, अप्पा. मी कॅप्टन झालेली नाही.

भगवंत : आगं, तूच फोनवर म्हणालीस, परीक्षा पास झाले.

अश्विनी : झालेच आहे. उड्डाणाचे तासही भरलेत. पण बसायला खुर्ची नाही. आठ नवी विमानं येणार होती, त्यातल्या एकावर माझा नंबर होता. परवा ती ऑर्डरच रद्द झाली.

भगवंत : का? पाशिंजर न्हाई?

अश्विनी : पॅसेंजर रोज परत जातायत. आमची कंपनी मोठ्या कंपनीच्याच मालकाची. मोठीतल्या पायलटांनी त्याच्याशी करार केलाय : धाकट्या कंपनीनं सत्तर सीटच्या वरचं विमान उडवायचं नाही, आणि विमानं सगळी मिळून तीसच ठेवायची. तीस झाली. मालकाला वाटलं, नव्या करारात आकडा वाढवून घेऊ. पायलट अडून बसले.

भगवंत : तुझं इमान केवढ्याचं?

अश्विनी : बनतं अठ्ठ्याऐंशी सीटचं. आम्ही अठरा काढून ठेवल्यात. खाली काउंटरवर माणसं तिकिटासाठी भांडतात, मी वर मोकळी फरशी घेऊन उडते.

भगवंत : ह्ये कुठलं शाणपण? इंधन तेवढंच, डायवर तेवढंच.

अश्विनी : पायलट, अप्पा.

भगवंत : त्येच ते. अन् त्या मोठ्यांच्या बापाचं काय जातंय?

अश्विनी : त्यांचा पगार आमच्या अडीचपट. आम्हाला मोठं विमान मिळालं तर मालक त्यांचे मार्ग काढून स्वस्तात आम्हाला देईल. ही भीती.

भगवंत : हरामखोर हायेत. सोताचं भागलं की मागनं येणाऱ्याला दार लावायचं. मी आमदाराला सांगतो. पोरीनं सात वरसं घासली, अन् ह्ये सीटा मोजून तिला दाबणार? ही कुठली रीत?

अश्विनी : तुमची.

भगवंत : काय म्हणालीस?

अश्विनी : कुंडलिककाकांनी सतरा सीटची गाडी आणली, तेव्हा जुन्नर लाइनच्या जीप संघटनेचा अध्यक्ष कोण होता? दहा सीटच्या वरच्या गाडीला स्टँडवर नंबर द्यायचा नाही, हा ठराव कोणी मांडला? सख्खा भाऊ तुमचा. तीन महिने रिकामी गाडी घेऊन उन्हात उभा होता. शाळेतून येताना बघायचे मी. पोरं टायरची हवा सोडायची आणि तुम्ही तंबाखू मळत बसायचात.

भगवंत : त्ये येगळं. बावीस जीपा व्हत्या लाइनीला. बावीस घरं. कुंडलिक एका फेरीत दोन जीपांची माणसं घिऊन गेला असता, भाडं पाडून. मंग बाकीच्यांनी काय करायचं व्हतं?

अश्विनी : मोठीतले पायलटही हेच म्हणतात. असंच, हातवारे करून.

भगवंत : त्या टायवाल्यांच्या रांगेत मला बसवू नगंस.

अश्विनी : काकांनी गाडी विकली. आज लोणीत दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. तुमच्या दारात पाऊल ठेवत नाहीत.

भगवंत : मला म्हाईत हाय कोण येत न्हाई त्ये. आवाज खाली कर.

अश्विनी : नाही करणार. सात वर्षं खालीच आहे.

भगवंत : मंग तू कुणाकडनं हायेस, ते तरी सांग. कुंडलिककडनं?

अश्विनी : मी मोठ्या कंपनीत अर्ज टाकलाय. सोमवारी मुलाखत आहे.

भगवंत : अन् घेतलं तर?

अश्विनी : तर दिवाळीनंतर तिकडं रुजू.

भगवंत : त्यो नवा करार कधी हाय?

अश्विनी : जानेवारीत. मोठीतले सगळे पायलट मत देणार आहेत.

भगवंत : सत्तर सीटांवर?

अश्विनी : हो.

भगवंत : तवा तू काय करशील?

अश्विनी : सत्तरच ठेवा म्हणेन, अप्पा.