चौथी सुई

गॅरेजमध्ये गाडीमालक म्हाताऱ्या मिस्त्रींना गळ घालत होता. बाकावर थांबलेल्या दुसऱ्या गिऱ्हाईक बाईंनी हातातलं मासिक मिटलं.

“मिस्त्री, मुलीच्या हाती नको. तुम्हीच बघा,” गाडीमालक म्हणाला.

“अहो, गाडी शिंकली की तीन गल्ल्यांवरून औषध सांगायचो मी! पण हे इंजेक्टर. कॉम्प्युटरनं वीज सोडली की सुई उचलली जाते, पेट्रोलचा फवारा उडतो, सुई बसते. पापणी लवायच्या आत!”

“मग कॉम्प्युटर काय म्हणतो?” बाईंनी विचारलं.

“सगळं ठीक म्हणतो,” सुरू इंजिनावर वाकलेली मुलगी म्हणाली. तिनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली होती. “पण तीनच सुया टिकटिकतायत. चौथी गप्प आहे. बाबा, ऐका.”

मिस्त्रींनी कान लावला. बराच वेळ लावला.

“बरोबर आहे का हो?” गाडीमालकानं विचारलं.

“मला कुठलं ऐकू येतंय आता? कान तिला देऊन टाकलेत मी. गाडी तिच्याच हाती द्या.”