दिसणं आठ, गिअर दोन

...आणि वर मलाच विचारतात, "घरी मुलाला काही शिकवता की नाही?" अहो बाई, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे! क्लच, ब्रेक, रिव्हर्स, काय हवं ते मागा, चौदा दिवसांत मेलेला माणूससुद्धा चौकातून गाडी काढील! पण पोराला 'तसलं' शिकवायचं... ते काय माझं खातं आहे?

तुम्हाला सांगतो, झालं काय, आमच्या दहावीतल्या दिवट्यानं वर्गातल्या मुलींची यादी केली. नाव, पुढे दिसण्याला मार्क, पुढे शेरा. फिरली ती सगळ्यांच्या मोबाइलवर, एक मुलगी चार दिवस शाळेतच आली नाही, आणि मुख्याध्यापिकाबाई मला समोर बसवून म्हणतात, "सोमवारपर्यंत त्याला समज येऊ दे, नाहीतर दाखला घेऊन जा." समज! सोमवारपर्यंत! अहो, क्लच हळू सोडायची समज यायला लोकांना महिना लागतो!

बायकोला म्हटलं, तू बोल. तर म्हणते कशी, "दाढी करायला मी शिकवलं का त्याला? बाईला मान कसा द्यायचा ते बापानं सांगायचं. आणि पुढची जबाबदारी असते, तीही. स्पष्ट!" स्पष्ट म्हणे! आमच्या वडिलांनी लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून." बस्स! तेवढ्या एका शब्दावर मी संसार केला! ते काय त्यांचं तरी खातं होतं?

शेवटी घातलं कार्ट्याला गाडीत. म्हटलं, "हे बघ... मुलींच्या बाबतीत... वेग... म्हणजे ब्रेक वेळेवर... आणि वेळ आलीच, तर माणसानं आपलं... ते..."

"बाबा, कंडोम म्हणायचंय का?"

ब्रेकवर माझा पाय असा पडला की मागच्या टेम्पोवाल्यानं सात पिढ्या उद्धरल्या! हा आपला शांत. "शाळेत झालंय ते. तिची इच्छा आहे का विचारायचं, नाही म्हणाली की नाहीच, आणि जबाबदारी दोघांची." घडाघडा! म्हटलं, गाढवा, एवढं येतंय तर ती घाणेरडी यादी कुठून सुचली?

तर यानं समोरचा कप्पा उघडला, माझी शिकाऊ लोकांची वही काढली, आणि लागला वाचायला. "बँकवाल्या बाई : दिसणं आठ, गिअर दोन. नर्सबाई : दिसणं पाच, स्टेअरिंग सात, तोंड फार." अहो, कोण कुठली ते लक्षात राहावं म्हणून लिहितो हो मी! गंमत! पुरुषांपुढे? पुरुषांपुढे नुसता गिअर.

"मी फक्त गिअरचा रकाना काढून टाकला," म्हणाला.

आता ओरडू कोणावर? लाज वाटली. खोटं कशाला बोलू, भर रस्त्यात कान गरम झाले माझे.

सोमवारी पोरानं वर्गासमोर माफी मागितली. शाळेत राहिला. ती मुलगी म्हणे त्याच्याकडे बघायलाही तयार नाही, बरोबरच आहे तिचं. आणि घरी येऊन म्हणतो, "माझं झालं. आता तुमचं."

माझं? बावीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी! पण बायको दारात उभी, कमरेवर हात. काय करता? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बँकवाल्या बाई आल्या, पोरगं मागच्या सीटवर, आणि मी वही त्यांच्या हातात दिली. म्हटलं, चुकलं माझं. बाईंनी वाचलं. सगळं पान वाचलं! वाटलं, आता कानाखाली बसते. तर माझंच पेन घेतलं, खाली ओळ आखली आणि लिहिलं, 'मास्तर : शिकवणं दोन.' दिसण्याचा रकाना कोरा!

मला मेल्याला राहवलं नाही. म्हटलं, "हे राहिलं की."

"ते बघायला फी भरलीय का मी?"

आणि वही घातली स्वतःच्या पर्समध्ये, गाडी घेतली पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, एक धक्का नाही! तेवढ्यात मागून आमचे चिरंजीव हळूच म्हणतात, "बाबा, ते दोनसुद्धा ग्रेस मार्क धरून असतील हं."