रबराच्या दोरीवरची मुंगी

न्हाई म्हनून सांगा त्याला. जवाब न्हाई आला, येणार बी न्हाई. — पण मामा, तुमी आधी बसा हितं, गाडीच्या सावलीला. पाणी प्या. पार रेल्वे फाटकापासून चालत आलाव का? नुसत्या एका मुंगीचा जवाब न्यायला? कमाल हाय तुमची बी. न्हाई, मालूम हाय मला, माझ्यामुळं खेळ अडलाय. सकाळधरून तिसरे हाव तुमी इचारणारे. एक तर म्हनला, मुंजाजी, येत नसंल तर हार मान की, आमाला दुसरं कोडं तरी भेटंल. हार मानायची म्हनं! मी हा खेळ सुरू केला, मामा. ह्या लाइनीत, मी. कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्या कुणाला घालायचा न्हाई — म्हनून साऱ्या गाड्या ह्या एका गेटाम्होरं, आणि त्यात आतला काटा बंद पडलाय. बैल बसले, माणसं बसली, बिड्या सरल्या, भाकरी वाळल्या. पत्ते खेळून खेळून माणसं भांडाया लागली. तवा मी माझ्या मागच्या गाडीवाल्याला एक कोडं घातलं. त्याला येईना, त्यानं मागं इचारलं, त्यानं त्याच्या मागं — आणि सांजच्याला जवाब आला फिरून, संगं एक नवं कोडं घेऊन. मग रीतच पडली. एक घ्यायचं, एक द्यायचं. हातचं सुटल्याबिगर दुसरं मागायचं न्हाई. कोण घालायलंय, कोण सोडवायलंय, तोंड बघायचं कामच न्हाई. गाडीवरून गाडीवर जायचं कोडं, हातभट्टीच्या बातमीवानी.

लोकांची कोडी आपली साधी — मेंढरं किती, आंबे किती, तीन भावांत सतरा म्हशी. पण चार-पाच दिसांखाली शेवटाकडून कोडं आलं, ते येगळंच होतं. काट्यावर काचेची बंद पेटी, आत चिमणी. चिमणी बुडाला बसली तवा काटा बघून घेतला. आता ती उडाली, पेटीच्या मधातच पंख मारायलीय, घरची वाट धुंडायलीय — तर वजन कमी भरतंय का? सारे म्हनले, भरतंय की, चिमणीच न्हाई बुडाला. मी म्हनलं, न्हाई. ती पंखानं हवा खाली रेटायलीय, ती हवा बुडाला रेटायलीय, काटा काय फसत नसतोय. जवाब पाठवला आणि वर माझं एक पाठवलं — हौदात घमेलं तरंगतंय, घमेल्यात दगड. दगड उचलून हौदात टाकले तर हौदाचं पाणी चढतंय, का उतरतंय, का हाय तितंच ऱ्हातंय? मामा, तुमी त्या दिवशी होताव का हितं? बैलाच्या हौदावर जत्रा भरली होती! कुणी घमेलं आणलं, कुणी दगड, धोतरं भिजली, आणि निम्मे चढलं म्हनायले, निम्मे उतरलं. त्यांचं भांडण मिटायच्या आधीच मागून जवाब आला — उतरतंय, आणि कामून उतरतंय त्याच्यासकट. दगड घमेल्यात होता तवर आपल्या वजनाएवढं पाणी हटवत होता, बुडल्यावर नुसतं आपल्या अंगाएवढंच हटवतोय. एवढं बराबर! मी तवाच चमकलो. पण म्हनलं, असंल कुणी मास्तर-बिस्तर.

मग काल दुपारी ही मुंगी आली. रबराची दोरी, बांधाएवढी लांब. एका टोकाला मुंगी, दुसऱ्या टोकाला तिचं वारूळ. मुंगी दिसभर चालून एक वीत जाती. रोज रात्री कुणीतरी ती दोरी सारखी ताणून आणखी एक बांधभर लांब करतंय. मुंगी घरी पोचंल का? — हसू नका मामा. तुमी म्हनताव न्हाई पोचणार. सारी लाइन म्हनायलीय न्हाई पोचणार. मी बी तेच म्हनत आलोय, आज न्हाई, सात वर्सं झाली. होय. हे कोडं मला नवं न्हाई. हे मला एकदा घातलेलं हाय आणि ज्यानं घातलं त्यानं ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं न्हाई, माझ्याम्होरं बसून बनवलेलं हाय, खाटेवर, डोळे मिटून. त्याच्या कोड्यात कायम एखादं जनावर असायचं आणि त्या जनावराला घरी जायचं असायचं. मी म्हनायचो, भुजंग, तुझी पाल, तुझी चिमणी, तुझी गोगलगाय, साऱ्यांलाच कशी रं घरची ओढ? तर म्हनायचा, तुला न्हाई का?

आमी एका खोलीवर होतो, परभणीला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्साला. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं, त्याचं ताडकळसच्या पलीकडं. मेसची भाजी पातळ का, इथून सुरू व्हायचं आणि कशावर जाऊन पोचायचं! रोज एक मी घालायचो, एक तो. मास्तर फळ्यावर लिहायलेत, आणि आमी मागच्या बाकावर आपलं देणंघेणं करायलोय. मग ते नामांतराचं निघालं. तुमाला सांगायची गरज न्हाई, तुमच्या बी गावात झालं असंल काय व्हायचं ते. कॉलेज बंद पडलं. मुंगीचं कोडं त्यानं आदल्या सांजी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी आमचे वडील, माणिकराव, जीप घेऊन आले मला न्यायला. भुजंग दाराशी उभा होता. वडील त्याच्याशी बोलले न्हाईत. वडील मोर्चात होते, मामा. मोर्चात — जाळपोळीत न्हाई. ह्या दोन्हीत फरक हाय का न्हाई? हाय. असंल. मी मला लय येळा सांगितलाय तो फरक.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं, तसा मी त्याच्या गावाला गेलो. घरात न सांगता. एस.टी.तून उतरलो, वस्ती इचारली. इचारल्यावर माणसं माझ्याकडं कशी बघायची म्हनताव — जाऊ द्या. त्याच्या दारात गेलो. सायकल भिताडाला लावलेली, त्याचीच, ओळखतो की मी. त्याची माय बाहेर आली. म्हनली, घरी न्हाई. आणि मामा, आतून खोकला ऐकू आला मला. त्याचा खोकला. एका खोलीत राहिलोय, खोकला कळत न्हाई का माणसाला? मी म्हनलं, मावशी, नुसतं एवढं सांगा, मुंजाजी आलता, कॉलेज सुरू झालंय, संगं जाऊ. वर पत्रे नवेकोरे होते आणि भिताड कोळशावानी काळं. ती म्हनली, "बाबा, तू चांगल्या घरचा दिसतूस. पर आता इकडं येत जाऊ नगंस." झालं. मोर्चा आणि जाळपोळ ह्यातला फरक — तितं काय मला सांगता आला न्हाई तो. आलो माघारी.

आता सांगा, माझं काय चुकलं? मी जाळलं का? मी गेलतो की! साऱ्या गावातून मीच एकटा गेलतो. एक शबुद बोलला असता. शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं मला. आतून खोकतोय नुसता. मला काय कमी राग आला होता? मग मी बी गेलो न्हाई कॉलेजला. वडलाला सांगितलं, डोस्क्यात शिरत न्हाई. खरं काय होतं — शिरत सारं होतं. पण त्या खोलीवर एकट्यानं काय करायचं? कोडं घालायचं कुणाला, भिताडाला? बायको इचारती कधीमधी, शिकलेलं सोडून नांगर कामून धरला. तिला म्हनतो, जमीन कोण बघणार. आता हे मी कुणाला बोललो न्हाई आजवर, तुमालाच कसं काय बोललो देव जाणे. लाइनीत बसून बसून माणसाचं तोंड सैल होतंय.

आणि ह्या लाइनीत तरी मी कामून येतोय दरसाल? धाकटा भाऊ येतो म्हनतोय, सालगडी हाय घरी. म्हनलं, न्हाई, मीच जाणार. म्हनलं, कधीतरी, कुठल्या तरी गाडीवर — जाऊ द्या हो. मला ह्याचा राग हाय मामा, की तो शेवटाला बसलाय. ज्यानं कॉलेजात शिकवाया पाहिजे होतं, तो कापसाच्या गाडीवर बसून चिमण्या उडवायलाय. डोळ्याला चष्मा हाय का त्याच्या? कोडं सांगताना डोळे मिटतोय? — मिटतोय. हं. आणि गाडी लाइनीपासून एकलीच सोडलीय का, बाजूला? एकलीच. पाणी कुठून आणतोय? नाल्यावरून. हौद हाय की हितं! बैलं पितेत त्या हौदातून — बरं, बरं. तुमाला न्हाई बोलत मी.

त्याला ठाऊक हाय का म्होरं कोण हाय ते? ह्यानं हीच मुंगी कामून काढली? मला डिवचायला? सात वर्सं झाली तरी येड्याला जवाब येतोय का बघायला? तर सांगा त्याला, न्हाई येत. मुंगी मरंल चालून चालून. ती वीतभर जाणार आणि हे रात्री बांधभर ताणणार. जेवढी ती जाती त्याच्या शंभरपट वारूळ लांब जातंय. कशी पोचंल? तिच्या म्होरची दोरी ताणली जाती, तिच्या मागची —

थांबा. मागची बी ताणली जाती की.

थांबा मामा, उठू नका. म्होरची ताणती तशी मागची बी ताणती. म्हंजी ती जेवढा हिस्सा चालली तेवढा हिस्सा तिचा तिच्याकडंच ऱ्हातोय, ताणल्यानं काय तो कमी होत न्हाई. शंभर विती धरा बांधाच्या. पयल्या दिवशी शंभरावा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोनशेवा, तिसऱ्या दिवशी तीनशेवा. म्हंजी एक, आणि अर्धा, आणि तिसरा हिस्सा, चौथा, पाचवा — ही बेरीज तर — तिसरा आणि चौथा मिळून अर्ध्याच्या वर जातेत. पाचवा ते आठवा मिळून परत अर्ध्याच्या वर. त्याच्या म्होरले आठ मिळून परत अर्धा. कुठं थांबतच न्हाई ही बेरीज! उशीर लागंल, लय उशीर लागंल, मुंगीचं आयुष्य पुरायचं न्हाई, पण दोरी सरती. पोचती ती. पोचती, मामा. एवढं सोपं होतं आणि मी त्याच्या दारात गेलो तवा बी मला हे येत न्हव्हतं.

जा, सांगा त्याला, पोचती म्हनावं. तीनच अक्षरं सांगा, त्याला कळंल. — काय म्हनताव? इचारलं त्यानं? कवा? कुठल्या गावचा मुंजाजी म्हनून इचारलं? मग तुमी काय सांगितलं? पोखर्णीकडचा म्हनून? — आणि हे आता सांगायलाव, पाणी पिऊन, इतका येळ बसून? तो बैल जुपायलाय म्हंजी? कापूस न घालता माघारी? का, कुणी काय बोललं का त्याला तितं?

न्हाई, तुमी नका जाऊ, मीच जातो. तुमी बसा हितंच. काटा सुरू झाला तर माझी गाडी सरकवा म्होरं, न्हाई तर ऱ्हाऊ द्या, मागच्याला जाऊ द्या म्होरं, मी कुणाशी भांडायला येणार न्हाई. त्या घागरीवरचा तांब्या द्या इकडं. न्हाई, घागरच द्या.