पहाटेच्या बैठका

कोल्हापूर स्टँडात मुरगूडच्या गाडीत, ती सुटायची वाट बघत प्रीती बसली होती. पुढच्या बाकावर पोलीस भरतीहून परत निघालेले बापलेक होते. दोघांचा आवाज असा, की सगळ्या गाडीनं ऐकावं.

"गोळा लांब गेला म्हणालास न्हवं?"

"सगळ्यांच्या पुढं गेला की. जिममधल्या वजनाचं काम हाय ते."

"मग पळताना काय झालं?"

"दुसऱ्याच फेरीला मांड्या दगडागत झाल्या. पाय उचलंनात."

"जिमनं अंग जड केलं तुझं, संघर्ष. दम येतो तो तालमीतल्या बैठकांनी."

"मग आज पहाटं उठवून, घाम निथळंस्तोवर बैठका कुणी मारून घेतल्या?"

"पाय मोकळं व्हावं म्हणून घेतल्या."

"सगळी ताकद तिथंच सांडली, आबा. आता वय संपलं माझं. पुढची भरती न्हाय मला."

"माझ्या वस्तादानं तसंच शिकवलंतं. मैदानाच्या दिवशी आधी दमदार बैठका, मग कुस्ती."

"मुरगूडच्या मैदानाला पण?"

"व्हय की."

"मग ती कुस्ती मारलीसा काय?"

बापानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"कागल आलं काय रं?"

गाडी अजून स्टँडातच उभी होती.