वीस मिनिटांचा फॉर्म

— अगं, तशी नको दाबूस, ती काय टूथपेस्टची ट्यूब आहे? हात सोड. आधी गरम पाण्यात पिळलेला तो रुमाल ठेव. हां, तसाच. आणि दाराकडे काय बघतेस? वीस मिनिटं तरी कुणी येत नाही. तुझ्या सासूबाईंना आणि नणंदबाईंना मी गुलाबी फॉर्म आणायला खाली पाठवलंय. कसला फॉर्म? कसलाच नाही. असा फॉर्मच नाहीये आपल्या दवाखान्यात. खालचा कारकून त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवेल, दुसऱ्या मजल्यावरचा जेवायला गेला असेल — छान चाललंय.

आता चार बोटं, सपाट. बाहेरून आत, छोटे छोटे गोल, बाळाच्या पापणीवरून फिरवशील इतपत हलके. दुखलं की थांबायचं. दुखल्याशिवाय दूध उतरत नाही असं कोण म्हणालं? नणंदबाई. अर्थात! त्यांना सगळं येतं. येतानाच पावडरचा डबा घेऊन आल्या, वर म्हणतात, सिझेरियनवालीला कुठलं दूध — टाके पोटाला घातलेत बाई, इथे नाही! जरा उशीर होतो, एवढंच. चार वाजता डॉक्टर बाळाला वजनकाट्यावर ठेवणार. वजन आणखी उतरलं असेल तर डबा उघडा म्हणतील, आणि उघडायचा — बाळाला उपाशी ठेवायचं नाही, डबा म्हणजे काही विष नाही. पण चार वाजायला अजून अवकाश आहे ना?

काय? काल पिवळं, चिकट आलं होतं? मग काय केलंस? पुसून टाकलंस! खराब वाटलं म्हणून! शाबास. अगं, तेच तर पहिलं दूध, सोन्यासारखं — बरं, रडू नकोस. मीसुद्धा पुसलं होतं. हो, मी. नर्स असून. परीक्षेत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते मला — पण खोलीत सासू, दोन जावा, भिंतीला टेकून मोठी नणंद, सगळ्या इथे टक लावून, जणू नळाला पाणी कधी सुटतंय बघतायत. सुटेल का काही? घरी गेल्यावर गुपचूप डबा आणवला. आठ महिने दार लावून बसायची मी — आत बाटली, आणि बाहेर सासूबाई सगळ्यांना सांगतायत, आमच्या सुनेला दूध मुबलक! मुलगा सहा फूट झालाय, त्याचं काही बिघडलं नाही. माझंच आपलं — अजून कुणी मुबलक म्हटलं की मी खोलीबाहेर जाते. त्या बायकांना कुणीतरी फॉर्म आणायला पाठवायला हवं होतं, बस्स. तू कुणाला सांगू नकोस हं. तशी तू बोलतच नाहीस म्हणा, तेच बरंय —

थांब. हलू नकोस. चमचा, चमचा दे इकडे. हा बघ, एक थेंब. हा दुसरा. पिवळाच आहे, आता पुसलास तर बघ! हे आधी चाटव त्याला. मग बगलेखाली घे, पाय तुझ्या पाठीकडे, टाक्यांवर भार नको. तोंड मोठं उघडू दे — हां. आता गप्प बस. मीही बसते.

— आलात? फॉर्म नाही मिळाला? अरेरे. तिसऱ्या मजल्यावर बघा बरं, आजी. आणि ताई, तो डबाही घेऊन जा बरोबर. त्याच्यावर शिक्का लागतो.